दाढेनं सांगितलेली तारीख

वैजयंता शेवाळेची दाढ मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास निघाली, आणि बुधवारी दुपारच्या चहाच्या आत ती स्वतः अडीच वर्षांनी लहान झाली.

लहान झाली म्हणजे तरणीबांड दिसायला लागली असं नव्हे. डावा गाल सुजून कानापर्यंत गेला होता, ओठाचा कोपरा अजून बधिरच होता आणि सकाळपासून पोटात गेली होती ती अर्धी वाटी गार पेज. लहान झाली ती कागदावर. आणि कागदावरचं लहान होणं हे खऱ्या दुखण्यापेक्षा मोठं लचांड असतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

वैजयंता तालुक्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होती. गाड्या आता विजेवर चालत, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे भिंतीवरचा पडदा दाखवी, घोषणाही यंत्रच करी. तरी म्हाताऱ्या बायका पडद्याकडे ढुंकूनही न बघता थेट तिच्या खिडकीशी येत. "बाई, सांगोला लागली का?" आणि बाई ओरडून सांगत. आधी कंडक्टर म्हणून आणि मग या खिडकीत बसून, अशी पस्तीस वर्षं ती ओरडत आली होती. येत्या एकतीस मेला ती निवृत्त होणार होती. सत्काराला कुणाला बोलवायचं हेसुद्धा ठरलं होतं.

दाढ वर्षभर ठणकत होती. निवृत्तीनंतर बघू म्हणून ती लवंग दाबून दिवस ढकलत होती. शेवटी रविवारी ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा चावताना दाढेचा निम्मा भाग तुटून जिभेवर आला, तेव्हा नवऱ्यानं, महादेवनं, तिचं काही एक न ऐकता मंगळवारी तिला गाडीवर बसवून डॉ. इनामदारांकडे नेलं.

डॉ. रेश्मा इनामदार तिशीतली, हसरी आणि भलतीच बोलकी बाई होती. "मुळं आकड्यासारखी वळलीत मावशी. जरा जोर लावावा लागेल."

जरा म्हणजे पाऊण तास. दुखत नव्हतं, पण जबड्यावर कुणीतरी गुडघा देऊन उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि कवटीच्या आत कुरकुर, कट्ट असे आवाज येत होते. तोंड असं सताड उघडं असताना डॉक्टरीणबाईंनी समोर एक काचेची पाटी धरली. "दाढ वाचायला पाठवू ना? हल्ली सगळ्यांच्याच पाठवतो. तब्येतीचा सगळा इतिहास कळतो."

"आँ," वैजयंता म्हणाली. तिला 'कसला इतिहास?' असं विचारायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते 'हां' असं ऐकलं आणि तिचा अंगठा पाटीवर टेकवला.

मग सूचना. बोळा दाबून धरा, दोन-तीन दिवस भिजला की बदला. थुंकू नका. गरम नको, तिखट नको. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा, पण हळू, खळखळून नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ धरलीय, ती निसटली तर हाड उघडं पडतं आणि मग देव आठवतो. "आणि तीन दिवस कमीत कमी बोलायचं."

"हे तेवढं अवघड आहे," महादेव म्हणाला आणि स्वतःच हसला. वैजयंताला हसताही येईना आणि चिडताही येईना.

बुधवारी दुपारी निरोप आला तो असा:

'अभिनंदन! आपल्या दाढेच्या वाचनावरून आपली जन्मनोंद दुरुस्त करण्यात येत आहे. जुनी जन्मतारीख १ जून १९८९. नवी जन्मतारीख १० ते २८ नोव्हेंबर १९९१ या दरम्यान. आक्षेप असल्यास सात दिवसांत नोंदवावा. आक्षेप नसल्यास अचूक दिवस निश्चित करण्यासाठी हयात साक्षीदारासह नोंदणी कक्षात यावे. लवकर बरे व्हा!'

महादेवनं तो मोठ्यानं दोनदा वाचला. "आता हे काय नवीन?"

नवीन असं काही नव्हतं. राज्यात एक जूनला जन्मलेल्या माणसांची संख्या पाहून सरकार कधीचंच वैतागलं होतं. एका पिढीत खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराला गुरुजी नजरेनं तोलत आणि सहा वर्षं मागे जाऊन एक जून ठोकून देत. ती पिढी आता साठीकडे आली होती. म्हातारपणाच्या साऱ्या योजना वयावर बेतलेल्या आणि वय गुरुजींच्या अंदाजावर. अशात दंतवाचक नावाचं यंत्र आलं.

दात हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात चिवट नोंदवहीकारकून. सहाव्या वर्षी तोंडात दिसणारी पहिली कायमची दाढ हिरडीच्या आत घडायला लागते ती जन्माच्या सुमारास. पोटातून बाहेर येताना बाळाच्या शरीराला जो हिसका बसतो, त्याची एक ठळक रेघ तिच्यात उमटते. ती जन्मरेघ. त्यानंतर दाढेचं कवच रोज एक बारीक थर चढवत वाढतं. पुढं दाढ उगवली की मुळावर दर वर्षी एक पातळ लेप बसतो, ऋतूप्रमाणे एकदा फिका, एकदा गडद. पूर्वी शास्त्रज्ञ दाताच्या चकत्या करून हे थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजत आणि दोन-चार वर्षं इकडेतिकडे होत. नवं यंत्र दात न कापता क्ष-किरणांनी आरपार बघतं आणि दोन्ही हिशेब जुळवून जन्माचा दिवस आठ-दहा दिवसांच्या फरकानं सांगतं. आजारपण, उपासमार, ताप, सगळ्याच्या रेघा त्याला दिसतात. कागद खोटा असू शकतो, साक्षीदार विसरू शकतो. दाढेला ना विसरता येतं, ना कुणाची भीड पडते.

हे सगळं ठीकच होतं. पण ते वैजयंताच्या जिवावर उठलं.

पहिला फोन आगारातून आला. "बाई, तुमचा निवृत्तीचा कागद परत आलाय. तुम्हाला निवृत्त होता येणार नाही. अजून अडीच वर्षं आहेत."

वैजयंतानं बोळा गालात सरकवून विचारलं, "मग मी खिडकीत बसायचं?"

"नाही ना. एक जूनपासून खिडकीवर दुसऱ्याची ऑर्डर निघालीय. तुम्ही कामावर यायचं, पण बसायचं कुठं ते वरून कळवतील."

दुसरा निरोप महादेवच्या नावानं आला. तो त्यानं मोठ्यानं वाचला नाही. नुसता तिच्यापुढं धरला. 'आपल्या विवाहाच्या दिवशी वधूचे वय पंधरा वर्षे सात महिने असल्याचे आढळले आहे. कारवाईची मुदत संपलेली असली तरी नोंदीसाठी आपला लेखी खुलासा आवश्यक आहे.'

वैजयंतानं नोंदणी कक्षाचा मदत क्रमांक लावला. पलीकडून एक गोड यांत्रिक आवाज आला. "आपली अडचण थोडक्यात सांगा."

"माहं वय हुकलंय."

"आपल्याला वाहन हवं आहे. बरोबर?"

"व-य! वय हुकलंय!"

"क्षमा करा. कृपया तोंडातील पदार्थ काढून स्पष्ट बोला."

चाळीस मिनिटं ती त्या आवाजाशी झुंजली. शेवटी फलाटावर गाडी सुटताना ओरडायची तशी ओरडली, तेव्हा आवाज म्हणाला, "आपल्या प्रतिसादाबद्दल आभारी आहोत." तोंडात खारट चव उतरली. बोळा लाल झाला होता.

संध्याकाळी नाशिकहून लेकीचा फोन आला. ऋतुजा अडतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तिला वडिलांनी सगळं सांगितलं होतं. तिनं वर्षं मोजली. मग म्हणाली, "आई, मी झाले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. माझी सई आता सतराची होईल गं."

सई म्हणजे ऋतुजाची थोरली. अजून तिला केस विंचरायला आई लागायची. वैजयंता फोन कानाला धरून बसली. बोलायची मनाईच होती, ते बरंच झालं.

गुरुवारी महादेवनं ट्रॅक्टर-दुरुस्तीचं दुकान उघडलंच नाही. सकाळपासून तो खुलाशाचा कागद समोर घेऊन ओसरीत बसला होता. वर 'मी, महादेव शेवाळे' एवढंच लिहिलेलं.

"काय लिहू?" त्यानं विचारलं. "माहीत नव्हतं, असं लिहू? खरंच माहीत नव्हतं."

वैजयंतानं मान हलवली. लिहा.

"लग्नानंतर पहिल्या वर्षी तू शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळत बसायचीस. भाजी करपायची. मी एकदा तुला सगळ्यांदेखत बोललो होतो. लग्न झालेल्या बाईला शोभतं का म्हणून." त्यानं पेन खाली ठेवलं. "मला वाटायचं, बायको बालिश मिळाली."

त्याचे डोळे भरून आले. वैजयंता बघतच राहिली. गाल हिचा सुजलेला, वय हिचं बदललेलं, नोकरी हिची अधांतरी लोंबकळलेली, आणि समजूत कुणाची घालायची तर याची! ती उठली, बर्फाची पिशवी गालावरून काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि बोळ्याआडून म्हणाली, "अहो, लिहा आणि जेवून घ्या."

तो जेवला नाही, पण बर्फ मात्र बराच वेळ डोक्यावर धरून बसला.

शुक्रवारी आण्णा आला. दत्तात्रय कारंडे, तिचा थोरला भाऊ, चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. दोन वेळा आदर्श शिक्षक, गावात शब्दाला मान, पांढरीशुभ्र विजार आणि खिशाला दोन पेनं. लहानपणापासून वैजयंताच्या आयुष्यातला प्रत्येक कागद आण्णानंच भरलेला. दहावीला दोनदा नापास झाली तेव्हा त्यानंच तिला तिसऱ्यांदा बसवलं, लग्न झाल्यावरसुद्धा. "वैजीचं डोकं चालत नाही, पण कष्टाळू आहे," असं तो पाहुण्यांना प्रेमानं सांगायचा. त्याचं बोलणं तिला कधी खुपलंही नव्हतं, कारण ते खरंच होतं. पहिलीपासून ती वर्गात सगळ्यांत मागं. इतर पोरी बाराखडी घडाघडा म्हणायच्या तेव्हा हिला पाटीवर रेघ सरळ ओढता यायची नाही. गुरुजींनी तिच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा मारला होता. तो एक शब्द तिला आयुष्यभर पुरला. कसलीही परीक्षा आली, बढतीची संधी आली की ती आपणहून बाजूला व्हायची. आपल्याला जमायचं नाही.

आण्णानं आल्या आल्या पिशवीतून मऊ खिचडीचा डबा काढला आणि त्याखालून एक कागद.

"आक्षेपाचा अर्ज आहे. मी भरून आणलाय. यंत्र चुकतं. 'दंतवाचन अमान्य' एवढ्यावर तू सही कर. सगळं पूर्ववत. एकतीस मेला सत्कार, दाजींना खुलासा नको, काही नको."

महादेवचा चेहरा उजळला. "बघ! आण्णांना बरोबर सुचतं."

वैजयंतानं पेन घेतलं. आणि तेवढ्यात तिला वाटलं, निरोप आलाय बुधवारी, आणि आज शुक्रवार. यंत्र नक्की चुकलं का हे यानं एकदाही विचारलं नाही. उलट अर्ज भरून आणलाय.

तिनं अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'चुकलंय का?'

आण्णानं ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "सही कर, वैजे. कशाला उकरायचं?"

तिनं पेन ठेवून दिलं.

त्या दुपारपासून जबड्यात असा काही ठणका सुरू झाला की कानशिलात कुणी खिळा ठोकतंय असं वाटावं. गोळ्या घेऊन उतार पडेना. शनिवारी सकाळी ती एकटीच रिक्षानं दवाखान्यात गेली.

"गाठ निसटली मावशी," डॉ. इनामदारांनी आत बघत सांगितलं. "हाड उघडं पडलंय. खळखळून चूळ भरलीत का?"

"भांडले," वैजयंता म्हणाली. "फोनवर."

डॉक्टरीणबाईंनी खड्डा धुतला, लवंगेच्या तेलात भिजवलेली पट्टी आत बसवली. पाच मिनिटांत ठणका निम्म्यावर आला आणि चार दिवसांत पहिल्यांदा वैजयंताला सुसंगत विचार करता आला.

"माझी दाढ बघता येईल?"

पडद्यावर दाढ उमटली. ढगासारखी करडी, आत शेकडो रेघा. डॉक्टरीणबाईंनी टोकाशी एका जाड रेघेवर बोट ठेवलं. "हा तुमचा जन्म. आणि इथं साधारण साडेतीन वर्षांपासून पुढं बघा, मुळाच्या या भागात. सारख्या आजारपणाच्या रेघा आहेत. सर्दी, ताप, पुन्हा ताप. एखादं मूल घराबाहेर पोरांच्या गर्दीत लवकर गेलं की असं दिसतं. बालवाडीत घातलं होतं का तुम्हाला?"

"आमच्या गावात बालवाडी नव्हती."

"मग शाळेत?"

खुर्चीत बसल्या बसल्या वैजयंतानं बोटांवर हिशेब केला. जून पंच्याण्णव. ती पहिलीत गेली ते वर्ष. पंच्याण्णवातून एक्क्याण्णव गेले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. आलं तेवढंच. मग ती रिक्षानं घरी गेली नाही, आण्णाच्या घरी गेली.

आण्णा अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. तिला बघून त्यानं झारी खाली ठेवली. ती दारातल्या बाजेवर बसली आणि म्हणाली, "साडेतीन वर्षांची होते मी. पहिलीत."

आण्णा उभाच राहिला.

"बोल ना. मला जास्त बोलायचं नाही, डॉक्टरनं सांगितलंय. तू बोल."

"आईबाप पहाटे रस्त्याच्या कामावर जायचे," तो शेवटी म्हणाला. "तुला माझ्यावर सोडून. मला शाळा बुडवावी लागायची. पाचवीत होतो, दहा वर्षांचा. एक दिवस तुला कडेवर घेऊनच शाळेत गेलो. त्या वर्षी शाळेत नाव असलं की तांदूळ मिळणार अशी बोलवा होती. गुरुजी म्हणाले, सहा वर्षांची असेल तर नाव घालू. तेव्हा वय बघायची रीत म्हणजे डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला पाहिजे. तुझा हात डोक्याच्या मध्यापर्यंतसुद्धा येईना. गुरुजींचं लक्ष हजेरीकडं होतं. मी मागून तुझं डोकं वाकवलं आणि हात ओढून कानाला लावला. तू रडलीस. गुरुजींनी मान वर केली तेव्हा कान तुझ्या हातात होता."

वैजयंताला यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवणार तरी काय, साडेतीन वर्षांचं पोर.

"ते मी समजू शकते," ती म्हणाली. "तूही पोरगाच होतास. पण पुढं? तू मास्तर झालास. डी.एड. केलंस. लहान पोराला धड पेन्सिल धरता येत नाही हे तू बाकीच्या आईबापांना समजावून सांगायचास. आणि मला ढ म्हणायचास? सगळ्यांसमोर? माझ्या पोरीसमोर?"

"आधी लक्षातच आलं नाही, वैजे. मग आलं तेव्हा..." तो अडखळला. "मग सवय झाली होती."

"आणि लग्नाच्या वेळी?"

आण्णा कुंडीच्या कडेवर बसला. "बाबांनी स्थळ आणलं. दाखला काढला, त्यावर अठरा भरत होते. मला माहीत होतं. मी बोललो असतो तर दाखला खोटा ठरला असता, आणि तो मीच... नुकतीच माझी नोकरी लागली होती."

जबड्यातून एक कळ पार डोळ्यापर्यंत गेली. वैजयंताला ओरडायचं होतं. अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. पण तोंडात पट्टी होती आणि ती निसटली असती तर पुन्हा त्याच नरकात जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा भावाला चार शब्द सुनवायची वेळ आली आणि तोंड उघडायची चोरी! वैतागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

"सोमवारी दहा वाजता," ती दातांवर दात न ठेवता, जपून म्हणाली. "कक्षात ये. हयात साक्षीदार लागतो."

"मी? वैजे, गावात मला लोक..."

"दहा वाजता."

सोमवारी आण्णा आला. पांढरे कपडे इस्त्रीचे होते, दाढी मात्र राहून गेली होती. महादेव आपला खुलासा घडी घालून खिशात ठेवून आला होता. पाच दिवसांत त्याच्या तीन ओळी झाल्या होत्या.

खिडकीत घोडके नावाचा कारकून होता. त्याच्याशेजारी जबाब नोंदवणारं यंत्र. वैजयंतानं सही न केलेला आक्षेप अर्ज त्याच्यापुढं ठेवला. "आक्षेप नाही. तारीख बरोबर आहे. चुकीची कशी लागली ते हे सांगतील."

"शाळेत वय कुणी सांगितलं होतं?"

"मी," आण्णा म्हणाला.

"तेव्हा तुमचं वय?"

"दहा."

घोडकेनं यंत्रात भरलं. यंत्रानं लाल दिवा दाखवला. "अज्ञानाचा जबाब ग्राह्य नाही," घोडके म्हणाला. "दहा वर्षांच्या मुलानं दिलेली माहिती म्हणजे माहिती न दिल्यासारखीच. यंत्र घेत नाही. दुसरा कुणी?"

"अहो, दुसरं कुणी नव्हतंच!" वैजयंता म्हणाली. "यानंच सांगितलं, म्हणून तर हा घोळ झाला!"

"ते खरं असेल बाई. पण यंत्र घेत नाही."

तिला वाटलं, आता ही खिडकीच उचकटावी. पस्तीस वर्षं आपणही खिडकीच्या आत बसून लोकांना असंच सांगत आलो, हे मनात आलं तशी ती आणखीच चिडली. आण्णाच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्याची हलकीशी छटा उमटलेली तिनं पाहिली. यंत्रानं त्याला माफ केलं होतं. तो खिडकीपासून एक पाऊल मागंही झाला.

ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

मग आण्णा पुन्हा पुढं आला. दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवले. "दुसरा जबाब घ्या," तो म्हणाला. "दोन हजार सातला हिचं लग्न झालं, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. शिक्षक होतो. ही पंधराची आहे हे मला माहीत होतं. मी बोललो नाही."

मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. त्यातला एक आण्णाचा जुना विद्यार्थी असावा, कारण तो नमस्कार करायला उचललेला हात तसाच धरून उभा होता. घोडके हळूहळू टंकत होता. दिवा हिरवा झाला. महादेवनं खिशातली घडी काढून निमूटपणे खिडकीतून आत सरकवली.

"अचूक दिवस माहीत आहे का?" घोडकेनं विचारलं. "नसेल तर यंत्र मधला धरतं."

"आहे," आण्णा म्हणाला. "दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तो सोमवार. मी पहिलीत होतो. सकाळी दप्तर घेऊन निघालो तर मावशीनं दारातच अडवलं, आज घरी थांब, बहीण येणार आहे. मी जाम रडलो. मला शाळेत जायचं होतं."

घोडकेनं जुनं कॅलेंडर उघडलं. "अठरा नोव्हेंबर."

वैजयंतानं ती तारीख मनातल्या मनात एकदा म्हणून बघितली. कुणा दुसऱ्याचीच वाटली.

बाहेर आल्यावर आण्णा जिन्यात थांबला. "वैजे, आता तरी मनातून काढून टाक."

"सूज आहे अजून," ती म्हणाली. "तोंड उघडत नाही माझं. सध्या गप्प बस."

सूज आठवड्यात उतरली. खड्डा भरायला दोन महिने लागले. आगारानं बराच घोळ घालून तिला एक जूनला चौकशीच्या टेबलावर बसवलं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा तिच्या खिडकीत. महादेव आता भाजी करपली तर स्वतःच दुसरी टाकतो, आणि तेवढ्यानं काही फिटत नाही हेही त्याला कळतं. त्या हिरव्या दिव्याची गोष्ट आण्णाच्या गावात पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. शाळेच्या कार्यक्रमाला यंदा त्याला बोलावणं आलं नाही. त्याबद्दल त्यानं बहिणीजवळ अवाक्षर काढलं नाही.

अठरा नोव्हेंबरला दुपारी तो बसस्थानकावर आला. हातात मिठाईच्या दुकानाची पिशवी. खिडकीशी रांग होती. तो रांगेतच उभा राहिला. नंबर आला तेव्हा म्हणाला, "वाढदिवस आहे ना तुझा."

"कामावर आहे मी," वैजयंता म्हणाली. "तिथं बाकावर बस. सांगोला सुटू दे."

तो बसला. सांगोला सुटली. मग पंढरपूर सुटली. आण्णा गुडघ्यांवर पिशवी ठेवून, प्रत्येक गाडी गेली की तिच्याकडं बघत, शाळेत बाहेर उभं केलेल्या पोरासारखा बसून होता. तिचं काम खरं तर केव्हाच उरकलं होतं. तिनं कागद पुन्हा एकदा वरखाली केले, घड्याळाकडं पाहिलं, आणि आणखी एक गाडी जाऊ दिली.

मग खिडकी लावून ती बाहेर आली.